पहिल्यांदाच स्वस्तात फिरायला निघताय? टेंट, भक्त निवास, लॉज आणि वडापचं गणित

स्वस्तात फिरायचं म्हटलं की लोक पहिल्यांदा काय करतात तर मोबाईलवर रूमचे रेट बघत बसतात, पन्नास रुपये इकडे कमी, शंभर तिकडे कमी, आणि प्रत्यक्षात पैसे जातात भलतीकडेच. माझ्या मते महाराष्ट्रात बजेट ट्रिपचा खिसा दोन ठिकाणी फाटतो. एक म्हणजे शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर, जिथे एसटी संपते आणि रिक्षावाला किंवा जीपवाला म्हणेल तो भाव होतो. आणि दुसरं म्हणजे अंधार. अंधार पडल्यावर पाठीवर सॅक घेऊन लॉजच्या काउंटरला उभं राहिलं की समोरच्याला चेहरा बघून कळतं की हा काही आता दुसरीकडे जात नाही. म्हणून खाली जे काही लिहिलंय ते सगळं फिरून फिरून तिथेच येतं, उजेडात पोचा आणि शेवटच्या टप्प्याची गाडी आधी ठरवा. बाकी टेंट कुठला आणि सॅक कुठली हे नंतर.

आधी दिवस ठरवा, मग ठिकाण

नोकरीवाल्यांना शनिवार-रविवारच मिळतो हे मान्य, पण एक दिवस रजा टाकता येत असेल तर रविवारी दुपारी पोचा आणि मंगळवारी परत या. कोकणात शनिवारी जी रूम दीड-दोन हजाराला सांगतात तीच रविवारी संध्याकाळी बऱ्यापैकी खाली येते कारण सगळे मुंबई-पुण्याचे लोक त्याच वेळी परत निघालेले असतात, बीच रिकामा, मालक निवांत, आणि जेवणही घाईत बनवलेलं नसतं. २५ ते ३१ डिसेंबर, दिवाळीनंतरचा आठवडा, मे महिना आणि कुठलाही लाँग वीकेंड, हे दिवस कोकणासाठी सोडून द्या. मला तरी या दिवसांत कोकणात जाण्यात काही अर्थ वाटत नाही, त्याऐवजी विदर्भ-मराठवाड्याकडे बघा.

भक्त निवासाचं उलटं असतं, तिथे वीकेंडपेक्षा तिथी बघायची. पंढरपूरला एकादशी, दत्ताच्या ठिकाणी म्हणजे नरसोबाची वाडी, औदुंबर, गाणगापूरला पौर्णिमा आणि गुरुवार, शेगाव-शिर्डीला गुरुवार, गणपतीपुळ्याला संकष्टी-अंगारकी. कॅलेंडर काढायचं, हे दिवस खोडायचे, उरलेल्यातला साधा मंगळवार-बुधवार धरला की सहसा रूम मिळते.

टेंटवाल्यांसाठी सरळ हिशोब, ऑक्टोबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. मार्चनंतर ऊन आणि गडावरची पाण्याची टाकी आटलेली, आणि जून ते सप्टेंबर सह्याद्रीत टेंट लावूच नका. फोटोत ढगातला टेंट लय भारी दिसतो पण घाटमाथ्यावरचा पाऊस आडवा येतो, बजेटमधला टेंट रात्री अकराला गळायला लागला की मग काय करणार? पावसाळ्यात पायथ्याच्या गावात कुणाच्या तरी घरी राहा, गरम भाकरी खा, सकाळी चढा.

एसटीशी दोस्ती

एसटीला नावं ठेवणारे खूप पण खेड्यात जायला तिच्याइतकं स्वस्त काही नाही. महिलांना राज्यात २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट. म्हणजे आईला, आजीला घेऊन निघालात तर प्रवासाचा खर्च बराच कमी होतो, फक्त वयाचा पुरावा म्हणून ओरिजिनल कार्ड बरोबर ठेवा. चार-पाच जिल्हे एका दमात फिरायचे असतील तर 'आवडेल तेथे प्रवास' नावाचा पास असतो, चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, मोठ्या स्टँडवर मिळतो. पण तो परवडतो कधी, तर रोज लांबचा पल्ला मारणार असाल तेव्हा. एका जागी तीन दिवस बसणार असाल तर साधं तिकीट काढा.

आता मुक्कामी गाडी. ही संध्याकाळी तालुक्याहून निघते, शेवटच्या गावात रात्रभर थांबते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच झोपतात आणि पहाटे तीच गाडी परत निघते. नवीन माणसाला हे माहीतच नसतं. गडाच्या पायथ्याच्या कितीतरी गावांना दिवसात दोन-तीनच गाड्या असतात आणि त्यातली एक ही मुक्कामी. परत येताना तिचा फार उपयोग होतो, पहाटे साडेपाच-सहाला गावातून सुटली की तुम्ही नऊपर्यंत मेन रोडला. जाताना मात्र ती अंधारात पोचवते म्हणून गावात राहायचं आधी फोनवर ठरलं असेल तरच तिने जा. वेळा इंटरनेटवर शोधू नका, जुन्या असतात, डेपोच्या चौकशी खिडकीवर विचारा नाहीतर ज्याच्याकडे राहणार त्याला विचारा, गावातल्या माणसाला एसटीची वेळ पाठ असते.

एसटी संपली की वडाप, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन माणसं भरून नेणारी जीप किंवा रिक्षा. काळी-पिवळी म्हणा, काही भागात डमडम म्हणतात. यात बसताना पहिलं वाक्य हेच, 'सीटवर बसणारे, स्पेशल नको.' स्पेशल म्हणजे अख्खी गाडी तुमच्या नावावर, आणि ट्रेकच्या सॅका बघितल्या की गाडीवाला आधी स्पेशलच सांगतो, त्यात त्याचीही चूक नाही, वीकेंडला लोक देतात म्हणून तो सांगतो. सीटवर जायचं तर गाडी भरेपर्यंत थांबायची तयारी पाहिजे, कधी दहा मिनिटं कधी तासभर. आणि आठवडी बाजाराचा दिवस असेल तर मजाच, गाड्या भरपूर असतात आणि पटापट भरतात. त्या तालुक्याचा बाजार कुठल्या वारी असतो हे विचारून त्या दिवशी गेलात तर वडाप, भाजी, स्वस्त नाश्ता सगळं एकाच ठिकाणी मिळून जातं.

रात्रीच्या गाडीबद्दल एक सांगतो. रातराणीने गेलो की एका रात्रीची रूम वाचते असं सगळे म्हणतात. वाचते, पण गाडी पहाटे साडेतीनला सोडते आणि मग तुम्ही झोपेने मेलेले, स्टँडसमोरच्या लॉजला जाऊन चार तासांसाठी पूर्ण भाडं देता, आणि दिवसाची वाटही लागते. रातराणी घ्यायची तर सहा-सातला पोचणारीच घ्या. पहाटे पोचलातच तर उजाडेपर्यंत स्टँडवर बसा, चहा प्या, सुलभमध्ये अंघोळ उरका, आणि लॉजकडे नऊनंतर जा.

रेल्वेने जाणाऱ्यांसाठी रिटायरिंग रूम ही एकदम दुर्लक्षित गोष्ट आहे. कन्फर्म किंवा आरएसी तिकीट असेल तर पीएनआर टाकून आयआरसीटीसीवर बुक होते, बऱ्याच मोठ्या स्टेशनांवर डॉर्मिटरीही असते. बाथरूम बघून कधी कधी तोंड वाकडं होईल पण स्टेशनच्या आतच असल्यामुळे पहाटेच्या गाडीसाठी रिक्षाचे दोनशे वाचतात.

भक्त निवास

एकट्याने किंवा घरच्यांबरोबर स्वस्तात आणि स्वच्छ राहायचं तर याला तोड नाही. शेगावचं गजानन महाराज संस्थान तर शिस्तीसाठी प्रसिद्धच आहे, स्टेशनवरून संस्थानची बस असते, राहायला वेगवेगळ्या दराच्या खोल्या, आणि महाप्रसाद. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, ओंकारेश्वरलाही याच संस्थानच्या शाखा आहेत. शिर्डी संस्थानची निवासस्थानं, अक्कलकोटला अन्नछत्र मंडळाचं यात्री निवास, रत्नागिरीजवळ पावसला स्वामी स्वरूपानंदांचं ठिकाण, गणपतीपुळे, अशी यादी खूप मोठी आहे.

पद्धत अशी. काही ठिकाणी ऑनलाइन बुकिंग असतं, ते संस्थानच्या स्वतःच्या साइटवरूनच करा. गूगलवर भक्त निवासाच्या नावाने खोटे नंबर फिरतात, आधी पैसे पाठवा म्हणतात, तसल्या नंबरला एक रुपया पाठवायचा नाही. बऱ्याच ठिकाणी मात्र अजून जो आधी येईल त्याला रूम असंच आहे, म्हणून सकाळी दहा-अकराला पोचा, तेव्हा रात्रीचे लोक खोल्या सोडत असतात आणि काउंटरला नाव लागतं. संध्याकाळी सातला गेलात तर हॉलमध्ये सतरंजीवर झोपायची तयारी ठेवा, आणि खरं सांगू का, हॉलही काही वाईट नसतो. सामान लॉकरला टाकायचं, चादर आपली, झोपायचं.

दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, फॅमिलीलाच देतात, एकट्याला हॉल किंवा डॉर्मिटरी. आणि लग्न न झालेल्या जोडप्याला तर सहसा नाहीच. तिथे काउंटरवर हुज्जत घालण्यात काही पॉइंट नाही, आधी फोन करून विचारा. आणि भक्त निवास म्हणजे स्वस्तातलं हॉटेल नाही बरं का, तिथे सेवेकरी असतात, लोक श्रद्धेने देणगी देतात म्हणून तो दर परवडतो. दारू, अंडी, मटण खोलीत नेणं, रात्री बाराला स्पीकर लावणं असले प्रकार करणाऱ्यांमुळेच मग पोरांच्या ग्रुपला खोली द्यायची नाही असे नियम येतात. जाताना खोली झाडून, बेडशीट घडी करून ठेवा आणि दानपेटीत जमेल तेवढं टाका.

देवळाशिवायही याचा उपयोग आहे. शेगावला मुक्काम टाकून लोणारचं सरोवर, सिंदखेडराजा असं बुलढाणा फिरता येतं, त्र्यंबकेश्वरला राहून ब्रह्मगिरी-अंजनेरी करता येतं.

लॉज

स्टँडजवळचं लॉज म्हणजे नवीन माणसाला भीतीच वाटते, पण थोडं बघून घेतलं तर ठीक असतं. तालुक्याच्या गावात साधी डबल रूम अजूनही पाचशे ते हजारच्या मधे मिळते. ऑनलाइन ॲपवर जो रेट दिसतो तो बघून ठेवा आणि मग थेट लॉजला फोन करा, ॲपवाल्याचं कमिशन जात नसल्यामुळे मालक कमी करतो, निदान चेक-इन लवकर देतो.

काउंटरला पोचलात की पैसे आधी देऊ नका, 'आधी रूम बघू का' म्हणा. यात लाजायचं काही नाही. रूममध्ये गेलात की गादीचा कोपरा उचला आणि शिवणीत बघा, काळे ठिपके असतील तर ढेकूण, तिथून सरळ बाहेर. मग दाराची आतली कडी नीट बसते का, खिडकी लागते का, पंखा, नळाला पाणी, फ्लश. मोबाईल चार्जिंगचा पॉइंट चालू आहे का हेही बघा, बारीक वाटतं पण रात्री कळतं. रस्त्याकडची रूम नको म्हणा, मागची द्या, कारण स्टँडसमोर पहाटे चारपासून हॉर्न सुरू होतात. वरच्या मजल्यावरची मागची खोली बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात शांत असते, जिने चढायचे तेवढे.

मग विचारायचे प्रश्न, आणि हे सगळे पैसे द्यायच्या आधी. चेक-आउट चोवीस तासांचं की सकाळी दहाचं? संध्याकाळी पाचला पोचून सकाळी दहाला हाकललं तर तो रेट महागच पडला. गरम पाणी किती ते किती? एक्स्ट्रा माणसाचे किती? टॅक्स धरून सांगितलं का वेगळा? पावती मिळेल का? आयडी म्हणून आधारची झेरॉक्स मागतात, तिथे मास्क्ड आधार द्या, ज्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, आधारच्या साइटवरून डाउनलोड होतं. झेरॉक्सवर पेनने तारीख आणि लॉजचं नाव लिहून टाकायची सवय लावा.

एकट्या पुरुषाला बऱ्याच लॉजमध्ये खोली नाही म्हणतात, विशेषतः छोट्या गावात, वाईट वाटून घेऊ नका. कामाचं ओळखपत्र दाखवा, कुठून आलो कुठे चाललो ते सांगा, परतीचं तिकीट दाखवा, चारपैकी एक तरी देतो. एकटी मुलगी असेल तर माझा सल्ला सरळ आहे, पहिल्या काही ट्रिपला लॉज नकोच, घरगुती होमस्टे, भक्त निवास किंवा एमटीडीसीचं (राज्य पर्यटन महामंडळाचं) निवास घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. दरवाजाला खालून लावायचा रबरी पाचर हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो, सॅकमध्ये टाका. इमर्जन्सीला ११२.

लॉज कुठलंही असो, स्वतःची एक पातळ चादर, उशीचा अभ्रा, छोटं कुलूप आणि दोरी बरोबर हवीच. दोरी कपडे वाळत घालायला, आणि त्यामुळे तीन दिवसांचे कपडे घेऊन आठवडा निघतो.

कोकणात घरी राहणं

दापोली, हर्णै, आंजर्ले, गुहागर, वेळणेश्वर या पट्ट्यात 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' असे बोर्ड जागोजाग दिसतात. लॉजपेक्षा थोडं महाग पडलं तरी जेवणात वसूल होतं. इथे रेट डोक्यावर सांगतात का खोलीवर, आणि त्यात जेवण किती वेळचं, हे नीट विचारून घ्या, सगळ्यात जास्त वाद इथेच होतात. 'चौघांचे चार हजार' म्हणजे काय काय, नाश्ता धरून का, मासे वेगळे का? माशाचं ताट रोजच्या बाजारावर असतं म्हणून आदल्या दिवशी सांगावं लागतं, सकाळी उठून सुरमई पाहिजे म्हणालात तर काकू तरी कुठून आणणार. मोदकांचंही तसंच, आधी सांगा आणि वेगळे पैसे द्या.

मंडणगड तालुक्यातलं वेळास यासाठी मस्त आहे. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी किनाऱ्यावर जपतात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पिल्लं समुद्रात सोडतात आणि त्यासाठी येणाऱ्यांची सोय गावातल्या घरांतच होते. साधं शाकाहारी जेवण, पडवीत गाद्या, कॉमन बाथरूम. निघायच्या आधी फोन करून घरट्यातून पिल्लं बाहेर येण्याची शक्यता आहे का ते विचारा, नाहीतर एवढं जाऊन पिल्लू एकही नाही आणि मग चिडचिड. आणि तिथल्या किनाऱ्यावर टेंट, शेकोटी, टॉर्च काहीही लावू नका, उजेडाने पिल्लं भरकटतात.

कोकणात किनाऱ्याने फिरायचं तर फेरीबोट लक्षात ठेवा. आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. पायी माणसाचं तिकीट किरकोळ असतं आणि डोंगराला वळसा घालून जाणारे कितीतरी किलोमीटर वाचतात. फक्त शेवटची बोट किती वाजता ते विचारूनच जेट्टीवर जा, आणि पलीकडच्या जेट्टीवर वडाप असेलच असं नाही म्हणून पलीकडे उतरून कुठे जायचं ते आधी ठरवून ठेवा.

आता टेंट

पहिल्याच ट्रिपला टेंट विकत घेऊ नका. पुण्या-मुंबईत भाड्याने मिळतो, डिपॉझिट घेतात. घेताना दुकानातच उघडून बघायचा, चेन दोन्ही बाजूंनी लागते का, पोल फुटलेला नाही ना, खुंट्या किती आहेत, वरचं पावसाचं कव्हर आहे का. मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे परत देताना वाद नको. आणि घरी गच्चीवर एकदा लावून बघा, गडावर अंधारात आणि वाऱ्यात पहिल्यांदा टेंट लावणं म्हणजे चालत्या एसटीत सुईत दोरा ओवणं. तीन-चार ट्रिपनंतर आवड टिकली तर मग डेकॅथलॉनचा साधा दोन माणसांचा घ्या. झटक्यात उघडणारे गोल टेंट घेऊ नका, त्यांची घडी एवढी मोठी होते की लोकलच्या दारात अडकते.

खरं म्हणजे टेंटपेक्षा अंगाखाली काय आहे ते महत्त्वाचं. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. हजार रुपये खर्च करायचे असतील तर ते चांगल्या फोम मॅटवर करा, स्लीपिंग बॅग साधी चालेल, किंवा घरची गोधडी न्या, जड असते पण उबेला बाप आहे. मॅटखाली वर्तमानपत्राचे दोन-तीन थर टाका. स्लीपिंग बॅग घेतलीत तर पिशवीवर तापमानाचे दोन-तीन आकडे असतात, त्यातला कम्फर्टवाला बघा, एक्स्ट्रीम लिहिलेला नुसता जिवंत राहण्यापुरता असतो.

पहिली कॅम्पिंगची जागा म्हणून मी हरिश्चंद्रगड सांगेन, पायथ्याच्या पाचनई गावाकडून. नळीची वाट फार अवघड, तिचं नावही काढू नका आणि खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट लांब आहे, सॅकसकट दमाल. पाचनईची वाट रमतगमत अडीच-तीन तासांत होते. मुंबईहून कसारा लोकल, पुढे घोटी-राजूर करत पाचनई, पुण्याहून संगमनेर-अकोले-राजूर. राजूरच्या पुढेच तो खिसा फाटणारा शेवटचा टप्पा आहे, म्हणून पाचनईतल्या ज्याच्याकडे जेवणार त्यालाच फोन करून राजूरहून गाडीचं विचारून ठेवा. गाव अभयारण्याच्या हद्दीत येतं, प्रवेश शुल्क भरून पावती घ्या.

आणि हो, तिथे स्वतःचा टेंट न्यायचीही गरज नाही. गावातलेच लोक वर टेंट भाड्याने देतात, पिठलं-भाकरी, भात, सकाळी पोहे-चहा सगळं वर मिळतं. दोघांसाठी टेंट आणि जेवण पकडून जो खर्च होतो तो शहरातून टेंट भाड्याने आणून, वाहून नेऊन होणाऱ्या खर्चापेक्षा फार वेगळा नसतो. मग पाठ कशाला मोडायची? शहरातल्या पॅकेजवाल्याला पैसे देऊन तोही शेवटी याच लोकांच्या टेंटमध्ये झोपवणार, त्यापेक्षा थेट बोला. भाव करा पण फार ताणू नका, गॅस सिलिंडर आणि पाणी सगळं डोक्या-खांद्यावरून वर जातं.

स्वतःचा टेंट लावणार असाल तर जागा निवडणं हेच खरं काम. चारपर्यंत वर पोचा म्हणजे निवडायला वेळ मिळतो. कोकणकडा म्हणजे हरिश्चंद्रगडाचा सरळ तुटलेला कडा, त्याच्या धारेवर टेंट लावायचा मोह होतो, तो टाळा. कड्यावर वारा खालून वर येतो, रिकामा टेंट उडून गेलेला बघितलाय मी, शिवाय रात्री लघवीला उठलेला माणूस झोपेत कुठे पाऊल टाकेल सांगता येत नाही. देवळाजवळच्या बाजूला, झाडीच्या आडोशाला, सपाट जागा बघा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात नको, वाळलेल्या झाडाखाली नको, वर कपारीत मधमाश्यांचं आग्या मोहोळ दिसत असेल तर अजिबात नको, आणि मोहोळाजवळ धूर किंवा सेंट तर मुळीच नको.

सह्याद्रीतला आणखी एक घोळ म्हणजे खुंट्या. खाली कातळ असतो, वर चार बोटं माती, खुंटी आत जातच नाही, वाकते. मग दोरीचं टोक मोठ्या दगडाला गुंडाळायचं आणि त्यावर दुसरा दगड ठेवायचा, झालं काम. किनाऱ्यावर वाळूत उलटं, खुंटी धरतच नाही, तिथे पिशवीत वाळू भरून ती दोरीला बांधून पुरायची. किनाऱ्यावर लावताना भरतीची रेघ बघा, जिथपर्यंत वाळलेलं शेवाळ आणि काटक्या पडल्यात तिच्याही बऱ्याच वर लावा, अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. सुरूच्या बनात लावायचा तर ग्रामपंचायतीत किंवा जवळच्या घरी विचारून लावा, न विचारता लावला की रात्री दहाला कुणीतरी टॉर्च घेऊन येतोच.

विचारणं गडांवरही लागू आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या किल्ल्यांवर मुक्कामाचे नियम वेगळे असतात, बऱ्याच ठिकाणी बंदी असते, आणि जुने ब्लॉग वाचून गेलात तर संध्याकाळी खाली उतरवतील. पायथ्याच्या गावात फोन करून विचारलं की पाच मिनिटांत कळतं.

रात्री टेंटमध्ये खाणं ठेवू नका, माकडं आणि उंदीर चेन उघडायची वाट बघत नाहीत, फाडतात. बूट आत घ्या, आणि सकाळी घालायच्या आधी उलटे करून आपटा, विंचू असतो. वरची जाळी थोडी उघडी ठेवा नाहीतर श्वासाचं पाणी आतून ठिबकतं आणि लोकांना वाटतं टेंट गळतोय. शेकोटी करायचीच तर आधी केलेल्या जागेवरच, गवतात नाही, जानेवारीनंतर गवत इतकं वाळलेलं असतं की एक ठिणगी आणि डोंगर पेटला. छोटा गॅस नेणार असाल तर लक्षात घ्या, रेल्वेत आणि विमानात तो चालत नाही. मी तर म्हणतो चूल-गॅस नेऊच नका, गावात जेवा.

साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं, मांत्रिक यातलं काही नाही. माणसाला आडवं करा, चावलेला हात-पाय हलू देऊ नका, ॲम्ब्युलन्ससाठी १०८ लावा आणि सरकारी दवाखान्यात न्या, सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथे असतं. कोकणातला लाल विंचू चावला तरी दवाखानाच. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी त्यावर प्राझोसिन हे साधं औषध लागू पडतं हे दाखवून कित्येक जीव वाचवलेत, फक्त माणूस वेळेत पोचला पाहिजे.

शौचाला पाण्यापासून लांब, निदान साठ-सत्तर पावलं. खुरप्याने वीतभर खड्डा करून नंतर माती ओढा. वाइप्स, पॅड, प्लास्टिक सगळं पिशवीत बांधून खाली आणायचं, गडावरची पाण्याची टाकी हेच वर राहणाऱ्यांचं पिण्याचं पाणी असतं.

पैसे आणि बारीकसारीक

रोख ठेवा. यूपीआय सगळीकडे चालतं पण रेंज गेली की नाही चालत, आणि गडावर ती जातेच. दहा-वीस-पन्नासच्या नोटा वेगळ्या ठेवा, वडापवाला आणि चहावाला पाचशेची नोट बघून कपाळाला हात लावतो. एका दिवसाचे पैसे वरच्या खिशात, बाकीचे आत, आणि परतीच्या भाड्याचे कुठेतरी तिसरीकडे जिथे हात जाणार नाही.

खाण्यात बचत करायची तर मेन रोडवरची गार्डन हॉटेलं सोडा आणि गावातली खानावळ शोधा. स्टँडवरच्या कंडक्टरला विचारा तुम्ही कुठे जेवता, तो सांगेल तिथे पोळी-भाजी-आमटी-भात पोटभर मिळतं. पाणी विकत घेत बसू नका, दोन बाटल्या आणि क्लोरीनच्या गोळ्या. मोबाईल रेंज नसेल तिथे फ्लाइट मोडवर टाका नाहीतर नेटवर्क शोधत शोधत बॅटरी संपते, आणि नकाशा घरूनच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा.

कुठे जातोय, कुणाकडे राहतोय आणि परतीची गाडी कुठली हे घरच्या एका माणसाला मेसेज करून ठेवा, रेंज जायच्या आधी. निघताना लॉजवाल्याचा किंवा गावातल्या दादांचा नंबर सेव्ह करा, पुढच्या वेळी थेट फोन गेला की भावही बरा मिळतो आणि गाडीचीही सोय होते. आणि टेंट भाड्याचा असो की स्वतःचा, घरी आल्या आल्या सॅकमधून बाहेर काढून गच्चीवर पूर्ण वाळवा, दवाने ओला असतोच, तसाच गुंडाळून ठेवला की आठवड्यात बुरशी धरते आणि दुकानदार डिपॉझिट कापतो.